होमब्रू आणि हाउस रूल: ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये नवा नियम कसा घडतो

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळायला पट नसला तरी चालतो. लागतात ते चार ते वीस बाजूंचे फासे, प्रत्येक खेळाडूच्या पात्राचा एक कागद आणि गोष्ट पुढे नेणारा डंजन मास्टर, म्हणजेच डीएम. प्रत्येक पात्राला एक क्लास असतो. क्लास म्हणजे त्याचा पेशा: तलवार चालवणारा फायटर, पोथीतून मंत्र शिकणारा विझार्ड, दबक्या पावलांनी फिरणारा रोग, देवाच्या नावाने जखमा भरणारा क्लेरिक. २०१४ च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये असे १२ क्लास आहेत. पात्र पहिल्या लेव्हलपासून विसाव्यापर्यंत चढत जाते आणि वाटेत क्लासकडून त्याला नव्या क्षमता मिळतात. छापील पुस्तकात नसलेली क्षमता, क्लास किंवा राक्षस खेळाडूंनी स्वतः रचला की त्याला होमब्रू म्हणतात. छापील नियमात एखाद्या गटाने आपल्यापुरता केलेला बदल म्हणजे हाउस रूल. गल्ली क्रिकेटमध्ये ‘एक टप्पा आउट’ जसा जागेच्या अडचणीतून आला, तसाच हाउस रूलही बहुधा एखाद्या गटाच्या खऱ्या अडचणीतून येतो.

या खेळात घरगुती नियमांना दुय्यम समजण्याचे कारण नाही, कारण मूळ खेळच त्यातून उभा राहिला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ मध्ये तो प्रसिद्ध केला, तेव्हा तीन छोट्या पुस्तिकांच्या त्या संचात फक्त तीन क्लास होते: लढवय्या, मांत्रिक आणि क्लेरिक. यातला क्लेरिक आर्नसनच्या मिनेसोटातल्या ‘ब्लॅकमूर’ या खेळातून आला. तिथे एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू व्हँपायर होऊन इतके बलाढ्य झाले की इतरांना ते आवरेना. त्याला उतारा म्हणून क्रूस हाती घेतलेला पिशाच्चशिकारी रचला गेला. म्हणजे आज जगभर खेळला जाणारा हा क्लास मुळात एका गटातला बिघडलेला तोल सावरण्यासाठी केलेली डागडुजी होता.

पुढच्या दोन वर्षांत हाच प्रकार झपाट्याने वाढला. चोराचा, म्हणजे आजच्या रोगचा क्लास कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथल्या खेळाडूंच्या कल्पनेवरून आला आणि १९७५ च्या ‘ग्रेहॉक’ या पुरवणीत छापला गेला. गायगॅक्सच्या टीएसआर कंपनीचे ‘द स्ट्रॅटेजिक रिव्ह्यू’ नावाचे नियतकालिक होते. जो फिशर यांचा रेंजर आणि पीटर ॲरनसन यांचा इल्युजनिस्ट १९७५ मध्ये, तर डग श्वेगमन यांचा बार्ड १९७६ मध्ये त्यातच प्रथम अवतरला. हे सगळे खेळाडूंनी पाठवलेले क्लास होते. आज त्यांना कोणी होमब्रू म्हणत नाही, एवढाच काय तो फरक.

वीसचे दान पडले की दुप्पट इजा, हा नियमही घरगुती वाटेनेच रुळला. तो १९७५ च्या ‘एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन’ या खेळात छापलेला दिसतो. त्याचे कर्ते एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषा शिकवणारे उर्दूचे अभ्यासक होते. गायगॅक्सला हा नियम पसंत नव्हता आणि १९७९ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मध्ये त्याने त्याला स्पष्ट विरोध केला. तरीही गटागटांतून तो खेळला गेला. १९८९ च्या आवृत्तीत तो ऐच्छिक नियम म्हणून आला आणि २००० च्या आवृत्तीत नियमच झाला.

नवी क्षमता रचणारा माणूस साधारणपणे पहिल्यांदा इजेचा आकडा पाहतो. किती फासे टाकायचे, सरासरी किती येते? हा हिशेब आवश्यक आहे, पण तो सोपा भाग आहे. रोगची पाठीत वार करण्याची क्षमता पहिल्या लेव्हलला सहा बाजूंचा एक फासा देते आणि दर दोन लेव्हलला त्यात एकाची भर पडते. पाचव्या लेव्हलला तीन फासे, म्हणजे सरासरी १०.५. त्याच लेव्हलला विझार्डला मिळणारा फायरबॉल सहा बाजूंचे आठ फासे टाकतो, सरासरी २८, आणि तो एका वर्तुळातल्या सगळ्यांना भाजतो. गंमत अशी की २०१४ च्या ‘डंजन मास्टर्स गाइड’मधला नवे मंत्र रचण्याचा तक्ता त्या पातळीच्या सामूहिक मंत्राला सहाच फासे देतो. आता हा खेळ प्रसिद्ध करणाऱ्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीचा स्वतःचा नामांकित मंत्र स्वतःच्या मोजपट्टीत बसत नाही! फायरबॉलशी बरोबरी साधून नवा मंत्र लिहिणारा म्हणूनच सुरुवातीपासूनच दोन फासे जास्त देऊन बसतो.

खरी कसोटी वेगळी आहे: नवी क्षमता कशाच्या मोबदल्यात मिळते आणि तिच्यामुळे शेजारी बसलेल्या खेळाडूचे काय जाते? पाचव्या, म्हणजे २०१४ च्या, आवृत्तीत प्रत्येक पात्राला आपल्या टर्नमध्ये, म्हणजे पाळीत, एक ॲक्शन मिळते. एखादी क्षमता परवानगी देत असेल, तर एक बोनस ॲक्शनही मिळते. दुसऱ्याच्या टर्नमध्ये वापरायची रिॲक्शन फेरीत एकदाच. लक्ष एकाग्र ठेवावे लागणारा मंत्र एका वेळी एकच चालू ठेवता येतो. या चार गोष्टी म्हणजे पात्राची खरी पुंजी. यातले काहीच न मागणारी क्षमता कागदावर कितीही किरकोळ दिसो, ती फुकट असते, आणि फुकट क्षमता दर फेरीला वापरली जाते.

याची उलटी बाजू २०१४ च्या रेंजरमध्ये दिसली. त्याच्या बीस्ट मास्टर या उपक्लासमध्ये सोबत एक प्राणी मिळत असे, पण प्राण्याने चावा घ्यावा यासाठी रेंजरला स्वतःची ॲक्शन खर्चावी लागे. लांडगा लढणार तर धनी हात बांधून उभा. प्राण्याच्या इजेचा आकडा वाढवून हे दुखणे बरे होणारे नव्हते, कारण मोबदलाच चुकीचा ठरला होता. अनेक गटांनी घरच्या घरी त्यावर इलाज केले. कंपनीनेही २०१६ मध्ये सुधारित रेंजर चाचणीसाठी दिला, आणि २०२० च्या ‘टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग’ या पुस्तकात प्राण्याला बोनस ॲक्शनने हुकूम सोडता येऊ लागला.

एक क्षमता मुळापासून रचून पाहिली म्हणजे हे अधिक उघड होते. समजा, फायटरसाठी ‘पाठराखा’ नावाचा उपक्लास करायचा आहे: साथीदारावरचा वार स्वतःच्या अंगावर घेणारा योद्धा. २०१४ च्या नियमांत फायटरच्या उपक्लासला तिसऱ्या, सातव्या, दहाव्या, पंधराव्या आणि अठराव्या लेव्हलला क्षमता मिळतात. त्यातली पहिली, तिसऱ्या लेव्हलची, क्षमता कच्च्या स्वरूपात अशी लिहिली जाईल: ‘५ फुटांच्या आतल्या साथीदाराला इजा झाली, तर पाठराखा रिॲक्शन खर्चून ती इजा स्वतःवर घेऊ शकतो.’

आता छापील पुस्तकांत याच्या जवळपासचे काय आहे ते शोधावे लागते. फायटरला पहिल्याच लेव्हलला ‘प्रोटेक्शन’ ही लढण्याची शैली निवडता येते. हाती ढाल असेल तर रिॲक्शन खर्चून शेजाऱ्यावरचा हल्ला अवघड करता येतो, म्हणजे हल्लेखोराला दोन फासे टाकून कमी आलेले दान घ्यावे लागते. दुसऱ्या टोकाला २०१७ च्या ‘झानाथार्स गाइड टू एव्हरीथिंग’मधला रिडेम्प्शन पॅलाडिन हा उपक्लास आहे. सातव्या लेव्हलला तो १० फुटांच्या आतल्या कुणाचीही इजा रिॲक्शनने स्वतःवर घेतो, हव्या तितक्या वेळा. पाठराख्याची जागा या दोन पायऱ्यांच्या मधली आहे. त्यामुळे अंतर ५ फूटच राहू द्यावे आणि वापरावर मर्यादा घालावी. प्रोफिशियन्सी बोनस, म्हणजे पात्राच्या तरबेजपणाची भर, तिसऱ्या लेव्हलला २ असतो आणि सतराव्याला ६ होतो. दोन लाँग रेस्टच्या, म्हणजे मोठ्या विश्रांतींच्या, मध्ये तितक्याच वेळा, अशी अट घातली की क्षमता पात्राबरोबर आपोआप वाढते.

मग येते शब्दांची तपासणी, आणि बहुतेक होमब्रू इथेच गळते. महाकाय कोळ्याच्या चाव्याबरोबर विषही येते. इजा पाठराख्याने घेतली, तर विषाशी झगडायचे कुणी? कच्च्या मसुद्यात उत्तर नाही. दुसरी फट अधिक मोठी आहे. याच पात्राने बार्बेरियन या दुसऱ्या क्लासची एक लेव्हल घेतली तर त्याला रेज मिळतो, आणि रेजमध्ये शस्त्राने होणारी इजा निम्मी होते. साथीदाराला बसणारा २० चा वार पाठराख्याला १० चा बसतो आणि उरलेले १० हवेत विरून जातात. अंगावर वार घेण्याचा त्याग राहत नाही, तो साऱ्या साथीदारांचा फायदा होतो. रिडेम्प्शन पॅलाडिनच्या मजकुरात या दोन्ही फटी बुजवलेल्या आहेत: इजेबरोबरचे इतर परिणाम हस्तांतरित होत नाहीत आणि घेतलेली इजा कशानेही कमी करता येत नाही. छापील क्षमता वाचताना अशी नीरस वाटणारी वाक्ये वगळून पुढे जाण्याचा मोह होतो, पण खरे काम त्यांनीच केलेले असते.

तेव्हा पक्का मसुदा असा होतो: ‘५ फुटांच्या आतल्या साथीदाराला शस्त्राचा वार लागला, तर पाठराखा रिॲक्शन खर्चून त्या वाराची इजा स्वतःवर घेऊ शकतो. वाराबरोबर येणारे इतर परिणाम साथीदारावरच राहतात. घेतलेली इजा कोणत्याही मार्गाने कमी होत नाही. ही क्षमता प्रोफिशियन्सी बोनसइतक्या वेळा वापरता येते आणि लाँग रेस्टनंतर पूर्ववत होते.’ रिॲक्शन खर्ची पडल्यामुळे पाठराख्याला पळणाऱ्या शत्रूवर वार करता येत नाही. दर फेरीला त्याला निवड करावी लागते, आणि खेळाडूला टर्न नसतानाही टेबलाकडे लक्ष ठेवावेसे वाटते. क्षमता चांगली साधल्याची हीच खूण.

‘शत्रूला मारले की अमुक मिळते’ अशा क्षमतांची एक जुनी खोड आहे. तिसऱ्या आवृत्तीत काही फायटर उंदरांनी भरलेली पिशवी बाळगत. लढाईत पिशवी उपडी करायची, उंदीर कापत सुटायचे आणि प्रत्येक उंदरामागे मिळणारा फुकटचा वार मुख्य शत्रूवर हाणायचा. असा खेळाडू नियमाबाहेर काहीच करत नसतो, म्हणून त्याला अडवणे डीएमला जड जाते. पाचव्या आवृत्तीत सैतानाशी करार केलेल्या वॉरलॉकला शत्रू पाडल्यावर तात्पुरते हिट पॉइंट, म्हणजे इजा सोसण्याची जास्तीची ताकद, मिळते, पण पाडलेला जीव वैरभाव असलेलाच हवा, अशी अट तिथे घातलेली आहे. त्या एका विशेषणाने उंदीर बाद होतात.

आकड्यांची कायमची भर देतानाही सावध राहावे लागते. पाचव्या आवृत्तीत प्रोफिशियन्सी बोनस २ पासून ६ पर्यंतच जातो, म्हणजे वीस लेव्हलमध्ये फक्त चारने वाढतो. अशा आटोपशीर मांडणीत एकेक आकडा भारी पडतो. पूर्ण चिलखत घातलेल्या योद्ध्याचा आर्मर क्लास, म्हणजे वार लागण्यासाठी गाठावा लागणारा आकडा, १८. हल्ल्याला ४ ची भर असलेल्या गॉब्लिनला त्याच्यावर १४ किंवा अधिकचे दान हवे, शक्यता ३५ टक्के. कुणी घरगुती क्षमतेने आणखी २ दिले की शक्यता २५ टक्क्यांवर येते आणि आणखी २ मिळाले की १५ वर. भर तेवढीच, पण आधी लागणाऱ्या वारांच्या प्रमाणात दुसऱ्या वेळची घट पहिलीपेक्षा मोठी. शेवटी या पात्राला काही लागेल असा शत्रू आणला, तर तो बाकीच्यांना एका फेरीत आडवे करतो. कायमची भर देण्याऐवजी ॲडव्हान्टेज, म्हणजे दोन फासे टाकून जास्तीचे दान घेण्याची मुभा, देणे यासाठीच सोयीचे पडते. दोन ठिकाणांहून ॲडव्हान्टेज मिळाले तरी फासे दोनच राहतात.

पण ॲडव्हान्टेजही स्वस्त करता येत नाही, हे घेराव घालण्याच्या नियमावरून कळते. २०१४ च्या मार्गदर्शिकेत तो ऐच्छिक आहे: शत्रूच्या दोन विरुद्ध बाजूंना दोघे उभे राहिले की दोघांनाही ॲडव्हान्टेज. अनेक गट तो उत्साहाने लागू करतात. बार्बेरियनला मात्र दुसऱ्या लेव्हलला बेधडक हल्ल्याची क्षमता मिळते. तो ॲडव्हान्टेज घेतो आणि त्याबदल्यात त्याच्यावरच्या हल्ल्यांनाही ॲडव्हान्टेज मिळते. जी गोष्ट तो रक्त सांडून विकत घेतो, ती घेरावाच्या नियमाने सगळ्यांना एक पाऊल सरकून मिळू लागते. हाउस रूल लागू करताना हा धोका सर्वांत कमी ओळखला जातो: नियम कुणाकडून काही काढून घेत नाही, पण एका क्लासचे वैशिष्ट्य साऱ्यांना वाटून टाकतो.

फंबलचा नियम, म्हणजे एकचे दान पडले की तलवार हातून निसटते वा स्वतःलाच लागते, अतिशय लोकप्रिय आहे आणि हिशेबाने पाहिला तर तो उलटा चालतो. पहिल्या लेव्हलच्या फायटरला टर्नमध्ये एक वार मिळतो, तेव्हा घोटाळ्याची शक्यता ५ टक्के. पाचव्या लेव्हलला दोन वार, ९.७५ टक्के. अकराव्याला तीन, सुमारे १४ टक्के. विसाव्या लेव्हलला चार वार करणारा जगप्रसिद्ध योद्धा दर पाच-सहा टर्नांत एकदा तलवार पाडतो. आणि विझार्ड? फायरबॉल टाकताना हल्ल्याचा फासा टाकावाच लागत नाही, त्यामुळे त्याची कधीच फजिती होत नाही. ज्यांना हा नियम हवाच असेल, त्यांनी निदान टर्नमधल्या पहिल्याच वाराला तो लावावा.

वीसच्या दानाचा हाउस रूलही असाच तपासण्यासारखा आहे. नियमाप्रमाणे वीस पडले की इजेचे फासे दुप्पट टाकायचे. कधी दोन्ही फाशांवर एकेक येते आणि मोठ्या क्षणाचा फुगा फुटतो. म्हणून काही गट एका फाशाचे सर्वोच्च मूल्य गृहीत धरतात आणि दुसराच फासा टाकतात. आठ बाजूंचा फासा आणि ३ ची भर असलेल्या तलवारीची सरासरी यामुळे १२ वरून १५.५ वर जाते. खेळाडू खूश होतात. पण गॉब्लिनलाही वीस पडते. पहिल्या लेव्हलच्या विझार्डचे हिट पॉइंट समजा ७ आहेत. गॉब्लिनच्या तलवारीला सहा बाजूंचा एक फासा आणि २ ची भर असते. घरगुती नियमाने वीसच्या दानाला कमीत कमी ९ इजा होते, म्हणजे विझार्ड दर वेळी कोसळणारच. सर्वाधिक १४ झाली, तर ७ हिट पॉइंट संपून वर ७ उरतात. उरलेली इजा पूर्ण हिट पॉइंटांइतकी झाली की पात्र जागीच मरते. छापील नियमात या मरणाची शक्यता ३६ पैकी १ आहे, घरगुती नियमात ६ पैकी १. राक्षस एका लढाईपुरता असतो, पात्र महिनोन्महिने खेळले जाते. इजा वाढवणारा कोणताही नियम म्हणूनच शेवटी खेळाडूंवरच जास्त वेळा उलटतो.

विश्रांतीचे नियम बदलताना क्लासांमधला तोल सर्वांत खोलवर हलतो. शॉर्ट रेस्ट एका तासाचा, लाँग रेस्ट आठ तासांचा. २०१४ च्या नियमांत एका दिवसात मध्यम ते अवघड अशा सहा ते आठ चकमकी गृहीत धरल्या आहेत. प्रत्यक्षात बरेच गट दिवसाला एखाद-दुसरीच लढाई खेळतात. पाचव्या लेव्हलच्या विझार्डकडे मंत्रांच्या नऊ जागा, म्हणजे तितके मंत्र टाकण्याची मुभा, असते, वॉरलॉककडे दोन. पण वॉरलॉकच्या दोन्ही सर्वोच्च पातळीच्या असतात आणि शॉर्ट रेस्टनंतर परत येतात. दिवसात दोनदा तासभर टेकता आले तर त्याला सहा मोठे मंत्र मिळतात. एकाच लढाईनंतर सगळे झोपायला गेले, तर त्याला दोनच मिळतात आणि विझार्ड आपले सगळे एकदम उधळतो. अशा गटात वॉरलॉक किंवा मंक दुबळा वाटू लागतो आणि त्याच्यासाठी होमब्रू क्षमता मागितली जाते, पण दोष त्या क्लासचा नसून गटाच्या वेळापत्रकाचा असतो. मार्गदर्शिकेतच एक उपाय आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा आणि लाँग रेस्ट सात दिवसांचा करायचा. चकमकी आठवडाभर विखुरतात आणि प्रमाण सुधारते. मात्र आठ तास टिकणारे मेज आर्मर तेव्हा आठवड्यातल्या एकाच चकमकीला पुरते. अशा मंत्रांची मुदत सोबत वाढवावी लागते.

सगळेच हाउस रूल इतके गुंतागुंतीचे नसतात. २०१४ च्या नियमांत जखम भरणारे औषध पिण्याला पूर्ण ॲक्शन लागे. त्यातून मिळत सरासरी ७ हिट पॉइंट, आणि टर्न वाया गेल्यासारखी वाटे. कितीतरी गटांनी ते बोनस ॲक्शनने पिण्याची मुभा दिली. कुणाचे वैशिष्ट्य त्यातून हिरावले गेले नाही. २०२४ च्या सुधारित पुस्तकात तोच छापील नियम झाला.

नवा नियम पहिल्या सत्राआधी सर्वांसमोर वाचून दाखवावा, एका कागदावर लिहून ठेवावा आणि तीन-चार सत्रांनंतर त्याचा फेरविचार ठरलेला असावा. क्षमता मागाहून कमी करावी लागली तर त्या खेळाडूला पात्रात इतर बदल करण्याची मोकळीक द्यावी, कारण त्याने बाकीच्या निवडी त्या क्षमतेवर विसंबून केलेल्या असतात. कंपनीही याच रीतीने चालते. २०१५ पासून ती ‘अनअर्थ्ड आर्काना’ या नावाने कच्च्या क्षमता खेळाडूंपुढे ठेवून अभिप्राय मागवत आली आहे आणि त्यातल्या अनेक पुस्तकात येण्याआधी बदलल्या किंवा गळाल्या.

घरच्या टेबलापुरते काहीही रचायला कुणाची परवानगी लागत नाही. ते विकायचे असेल तर प्रश्न उभा राहतो. २००० मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टने खुला परवाना काढून नियमांचा गाभा इतरांना वापरू दिला. जानेवारी २०२३ मध्ये तो बदलण्याचा बेत फुटला, खेळाडूंनी जोरदार विरोध केला आणि त्याच महिन्यात कंपनीने पाचव्या आवृत्तीचा मूळ नियमसंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली मोकळा केला. त्यात प्रत्येक क्लासचा एकेकच उपक्लास आहे. रिडेम्प्शन पॅलाडिन त्यात नाही, त्यामुळे पाठराखा प्रकाशित करणाऱ्याने त्याची कल्पना अभ्यासली तरी वाक्ये स्वतःचीच लिहिली पाहिजेत. कंपनीच्या जगातली शहरे आणि देव वापरायचे असतील, तर २०१६ मध्ये सुरू झालेल्या ‘डंजन मास्टर्स गिल्ड’ या ऑनलाइन दुकानातून विक्री करावी लागते. तिथे विक्रीचा निम्मा वाटा लेखकाला मिळतो.